पार्षद झालेल्या भाच्यास

धार



तू पार्षद झाल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं. आनंद झालाच. पण आजवर तू घेराव आणि चक्का जाम यांत रमलास, आता देवासच्या नगर निगमच्या सभेत बसणार, म्हणून लिहिते. इतिहास शिकवून निवृत्त झाले तरी खोड जात नाही. आमच्या धारच्या उदाजी पवारांचंच सांगते.

माळव्यात मराठ्यांची वाट पाडणाऱ्यांत उदाजी पहिल्या फळीतले. गनिमी कावा अंगात मुरलेला. 29 नोव्हेंबर 1728 ला अमझेऱ्याला चिमाजी आप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरिधर बहादुर आणि दया बहादुर, दोघांनाही एकाच दिवशी रणात पाडलं. त्या मोहिमेत उदाजी होते. हे सगळे अभिमानाने सांगतात. तीच फौज पुढे उज्जैनला वेढा घालून बसली आणि शहर काही हाती लागलं नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. उघड्या मैदानातलं कसब तटापुढे अडलं. निगमची फाइलही तशीच. घोषणांनी ती हलत नाही, वाचावी लागते.

मग पेशवे बाजीरावांशी उदाजींचं बिनसलं. माळव्यातल्या हक्कांचा वाद, त्यात शिंदे-होळकरांचं वजन वाढत चाललेलं. मला विचारशील तर तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण ती पुण्याला जाऊन, हिशेबाचे कागद पुढे टाकून भांडायची होती. उदाजी जाऊन मिळाले सेनापती दाभाड्यांना. 1 एप्रिल 1731 ला डभईला बाजीरावांशी लढताना त्र्यंबकराव दाभाडे पडले, उदाजी कैद झाले आणि धार त्यांचे भाऊ आनंदराव यांच्याकडे गेली. तलवारीने मिळवलं ते रुसव्यात घालवलं. तिकिटावरून, समितीवरून तुझेही रुसवे होतील. ते पक्षाच्या बैठकीत बोल, पानाच्या ठेल्यावर नको.

तुमच्या देवासची तऱ्हा निराळी. तिथले राज्यकर्ते तुकोजी आणि जिवाजी हे भाऊ, मुलूख दोघांचा मिळून. पुढे 1841 नंतर थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन वेगळी राज्यं झाली. गाव एकच, पण मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला एकाचा कारभार, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. पाण्याची सोय वेगळी, दिवाबत्ती वेगळी! 1948 ला दोन्ही राज्यं मध्य भारतात विलीन झाली, तरी ‘तो रस्ता माझ्या वॉर्डात येत नाही’ हे ऐकू येतंच. निदान तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस.

आणि इंजिनियरला पहिल्याच दिवशी दम भरू नकोस. तुझे जुने साथीदार टाळ्या वाजवतील, पण नळाचं काम त्याच्याच सहीने होणार आहे. पहिल्या सभेआधी वॉर्डाच्या नळयोजनेची फाइल मागवून वाच, आणि रस्त्यापलीकडच्या पार्षदाला, विरोधी पक्षाचा असला तरी, घरी चहाला बोलव.

तुझी,
धारची आत्या