औषध देणारा हात, पाहणारे डोळे

आपल्या एमआय रूममध्ये ताप मोजतात, नाडी पाहतात आणि मगच गोळी देतात. हा क्रम का, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात. जयपूरच्या सीतापुरा भागात महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे आणि तेथे नर्सिंगचेही शिक्षण मिळते. मात्र सीतापुरा असो की सातारा, अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेलाच असतो. त्यातील दोन धडे आपण पाहू: रुग्णाची तपासणी आणि औषधाची सुरक्षितता. हे दोन वेगळे धडे वाटतात, पण खरे पाहता ते एकच आहेत.

तपासणी

निरोगी प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० पडते, श्वास १२ ते २० असतात, रक्तदाब १२०/८० च्या आसपास आणि तापमान सुमारे ९८.६ अंश फॅरेनहाइट असते. श्वास मोजताना रुग्णाला सांगत नाहीत. सांगितले की तो मुद्दाम सावकाश श्वास घेतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगट धरून ठेवतात आणि नजर छातीवर ठेवतात.

हे आकडे फक्त तक्त्यात भरण्यासाठी नसतात. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध नाडी मंद करते. म्हणून ते देण्यापूर्वी स्टेथोस्कोपने पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात. प्रौढ रुग्णाचे ठोके ६० च्या खाली असतील तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवतात. मॉर्फिन श्वास मंदावते, म्हणून ते देण्यापूर्वी श्वास मोजतात.

पाच योग्य गोष्टी

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. औषध दिल्यावर लगेच नोंद करायची, आधी नाही. रुग्णाला “तुम्ही पाटील ना?” असे विचारायचे नसते. गुंगीतला माणूस कशालाही “हो” म्हणतो. “तुमचे पूर्ण नाव सांगा,” असे विचारायचे आणि ते केसपेपरशी ताडून पाहायचे. डोपामिन आणि डोब्युटामिन अशी जवळजवळ सारखी नावे असतात, म्हणून लेबल तीनदा वाचतात: कपाटातून काढताना, औषध भरताना आणि रुग्णाला देण्यापूर्वी.

मात्रेतली चूक कशी होते, याचे इन्शुलिन हे चांगले उदाहरण आहे. आपल्या देशात ४० युनिट प्रति मिलि आणि १०० युनिट प्रति मिलि अशा दोन्ही ताकदीच्या बाटल्या मिळतात. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात: ४० साठी लाल टोपण, १०० साठी केशरी. समजा, २० युनिट द्यायचे आहेत. ४० च्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा मिलि. पण बाटली १०० ची असेल, तर त्या अर्ध्या मिलित ५० युनिट असतात. म्हणजे अडीचपट! साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो आणि वेळीच साखर दिली नाही तर बेशुद्ध पडतो.

जे. जे. रुग्णालय, १९८६

पाचही गोष्टी पाळल्या म्हणजे काम संपले का? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या सुरुवातीला जे घडले, त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. डोळ्यातील किंवा मेंदूतील दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरॉल पाजले जात होते. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरले जाणारे विषारी द्रव्य मिसळलेले होते. रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १४ जणांचा मृत्यू झाला. पुढे न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. वॉर्डात ते औषध ग्लिसरॉल म्हणूनच आले होते. लेबल तीनदा काय, तीस वेळा वाचले असते तरी विष दिसले नसते. असे संकट पकडण्याचा मार्ग म्हणजे औषध दिल्यानंतर रुग्णाकडे पाहत राहणे. प्रौढ माणसाला तासाला, वजनाच्या दर किलोमागे किमान अर्धा मिलि लघवी व्हायला हवी. ५० किलोच्या माणसाला २५ मिलि. ती घटत गेली तर ते पाण्याच्या नोंदीच्या तक्त्यात दिसते. एका रुग्णात दिसले तर तो त्याचा आजार असेल, पण एकच औषध घेणाऱ्या तिघांत दिसले तर औषधावर संशय घ्यायला हवा. औषध देण्यापूर्वीची चूक पाच नियम पकडतात आणि नंतरची तपासणी पकडते. म्हणूनच मी हे दोन्ही धडे एकच म्हणतो.

हुकूम आणि शंका

२८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबईत उतरल्या. लष्करी रुग्णालयांतील परिचर्येची घडी बसवण्यासाठी त्या आल्या होत्या. आजच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची सुरुवात तेथून मानतात. या सेवेतील परिचारिका अधिकारी असतात, हुद्दा आणि शिस्त त्यांनाही असते. मग डॉक्टरांचा हुकूम चुकीचा वाटला तर काय करायचे?

नर्सिंगचे उत्तर स्पष्ट आहे: तोंडी हुकूम लिहून घ्या, मोठ्याने परत वाचून दाखवा आणि होकार मिळाल्यावरच पाळा. शंका असेल तर औषध देऊ नका, विचारा. आपण वायरलेसवर संदेश परत वाचून दाखवतो, तो काही उद्धटपणा नसतो. ऐकणाऱ्याने परत वाचले तरच बोलणाऱ्याला स्वतःची चूक कळते. शिस्त म्हणजे गप्प राहणे नव्हे, हे मला या धड्यातून सर्वांत जास्त पटले.

स्वतः सोडवा

१. एका मुलाला २५० मिग्रॅ पॅरासिटामॉल द्यायचे आहे. बाटलीवर ‘५ मिलित १२५ मिग्रॅ’ असे आहे. किती मिलि द्याल?
२. दुसऱ्या दिवशी नवी बाटली आली, तिच्यावर ‘५ मिलित २५० मिग्रॅ’ आहे. कालइतकेच मिलि दिले तर काय होईल?
३. डॉक्टरांनी ‘.५ मिग्रॅ’ असे लिहिले आहे. त्यात काय धोका आहे?

उत्तरे: १. १० मिलि. २. दुप्पट मात्रा जाईल. ३. टिंब दिसले नाही तर ५ मिग्रॅ, म्हणजे दहापट वाचले जाईल. म्हणून नेहमी ‘०.५’ लिहावे.