आजचं चिंतन : निकाल कोणाच्या हाती?

श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७



"मी काही चुकीचं केलं नाही, मग माझ्याच वाट्याला हे का?" अप्रेझलनंतर मीही देवाला हे विचारलंय.

आमच्या रत्नागिरीत टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीने त्यांना ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवलं. तेव्हा कोर्टातच ते म्हणाले की मी निर्दोष आहे. पण याहून वरच्या शक्ती आहेत, आणि कदाचित माझ्या भोगण्यानेच कार्य वाढावं अशी त्यांची इच्छा असेल. शिक्षा झाली ६ वर्षं.

नीट बघा. त्यांनी अन्यायाला न्याय म्हटलं नाही, आणि देव मला सोडवेलच असंही म्हटलं नाही. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं. पण ते तिथे असतानाच, १९१२ मध्ये, इकडे पत्नी सत्यभामाबाई वारल्या. त्याची भरपाई कुठल्या ग्रंथाने होणार?

आपला न्याय म्हणजे हिशेब : इतकं केलं, तर इतकं मिळायलाच हवं. हा श्लोक सांगतो, अधिकार कर्मावर, फळावर नाही. अन्यायाविरुद्ध बोलणं हे आपलं कर्म. ते सोडायचं नाही.

आज मनातली एक तक्रार देवापुढे मांडा. फक्त निकालाची तारीख मागू नका.