प्लॅस्टिकच्या दाण्याचा हिशेब

घरात गोडेतेलाचा कॅन असेल तर तो जरा उलटा करून पहा. बुडाशी तीन बाणांचा एक त्रिकोण दिसेल. त्रिकोणात एक आकडा असेल, बहुधा १ किंवा २. पाण्याच्या बाटलीखाली १ सापडेल. दुधाच्या पिशवीवर ४ असतो.

पुष्कळांना वाटते, ही खूण म्हणजे वस्तू जुन्या प्लॅस्टिकपासून पुन्हा बनवलेली आहे. तसे नाही बरे का! ही खूण अमेरिकेत १९८८ साली निघाली. प्लॅस्टिक कोणत्या जातीचे आहे, एवढेच ती सांगते. ज्वारी आणि बाजरी वेगळी ओळखावी, तसे.

जात कळणे कामाचे असते. सगळ्या जाती एकत्र वितळवल्या तर माल बिघडतो. तुम्ही घरीही करून पहा. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा आणि तिच्या टोपणाचा एक तुकडा कापा. दोन्ही बादलीत टाका. बाटलीचा तुकडा बुडेल, टोपणाचा तरंगेल. मोठ्या कारखान्यातही टाकीत पाणी भरून हीच युक्ती करतात.

आता आपण जुन्या बाटलीबरोबर कारखान्यात जाऊ या. ट्रकमधून बाटल्यांचे दाबून बांधलेले गठ्ठे उतरतात. पहिले काम काट्याचे. वजन होते, पावती फाटते. मग बायामाणसे निवडायला उभी राहतात. रंगीत बाटल्या एकीकडे, बिनरंगी एकीकडे. काच, दोरी, तुटकी चप्पल बाहेर. धान्य निवडण्यासारखेच हे काम आहे. त्यात कसूर झाली तर पुढे यंत्र काही करू शकत नाही. निवडलेल्या मालाचा चुरा करतात. तो चुरा कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतात, म्हणजे लेबलाचा डिंक, तेल, माती सुटते. मग वाळवतात. शेवटी तो वितळवून जाळीतून गाळतात आणि शेवयांसारख्या लांब दोऱ्या पाडतात. त्या पाण्यात थंड करून बारीक कापल्या की झाला प्लॅस्टिकचा दाणा. दिसायला साबुदाण्यासारखा. त्यातून पुढे बाटल्या होतात, बादल्या होतात, पॉलिएस्टरचा धागाही होतो. तुमच्या अंगातला सदरा कदाचित एके काळी पाण्याची बाटली असेल.

अडचण पुढेच आहे. खनिज तेलापासून बनवलेला दाणा असतो, त्याला धंद्यात कोरा दाणा म्हणतात. चांगला धुतलेला जुना दाणा आणि कोरा दाणा एकत्र मिसळले, तर त्यात जुना किती आणि कोरा किती, हे डोळ्यांनी कळत नाही. दुधात पाणी असल्याचा संशय आला तर आपण लॅक्टोमीटर लावतो. इथे तसे साधन नाही. प्रयोगशाळेतसुद्धा हे प्रमाण खात्रीने सांगता येत नाही. म्हणून दाणा ज्या वाटेने आला ती वाटच तपासावी लागते.

तुम्ही विचाराल, एवढी तपासणी कशाला? जुना असो की कोरा, बादली गळली नाही म्हणजे झाले!

यात पैसा गुंतला आहे. आपल्या सरकारने २०१६ साली प्लॅस्टिक कचऱ्याचे नियम केले आणि २०२२ साली त्यांत मोठी भर घातली. जी कंपनी आपला माल प्लॅस्टिकच्या वेष्टनात विकते, तिने ठरलेल्या प्रमाणात तेवढे प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणवले पाहिजे. कंपनीला स्वतःला ते जमत नसेल, तर तिने नोंदणी झालेल्या कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यावे. म्हणजे कारखान्याला दोन गोष्टी विकता येतात. एक दाणा, दुसरा कागद. दाणा बनवायला माणसे लागतात, पाणी लागते, वीज लागते. कागदाला काय लागते?

जे व्हायचे तेच झाले. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काही कारखान्यांची तपासणी केली. तेव्हा सुमारे ६ लाख प्रमाणपत्रे बनावट निघाली. ते कारखाने गुजरात, कर्नाटक आणि आपल्या महाराष्ट्रातले होते.

याची झळ कोणाला लागते ते पहा. खोटा कागद स्वस्त विकता येतो. मग खरे काम करणाऱ्या कारखान्याच्या कागदाला भाव राहत नाही. तो बाटल्यांची खरेदी कमी करतो किंवा दर पाडतो. कारखान्याने दर पाडला की भंगारवाला पाडतो. आणि जी बाई दिवसभर उन्हात फिरून पोते भरते, तिच्या हातात दोन रुपये कमी पडतात. ओढ्यात अडकलेली बाटली तशीच अडकून राहते.

आता खरी तपासणी कशी होते ते पाहू. आपल्या सोसायटीचे, ग्रामपंचायतीचे ऑडिट होते. तसेच हेही ऑडिट. फरक इतकाच की इथे रुपयांबरोबर किलोंचाही हिशेब असतो.

ऊस लावणाऱ्याला हे लगेच कळेल. १०० टन उसातून साधारण १० ते ११ टन साखर निघते. उद्या कोणी ४० टन काढल्याचे लिहिले, तर कोणता शेतकरी विश्वास ठेवील? प्लॅस्टिकलाही असाच उतारा असतो. समजा, एका कारखान्यात महिन्याला १०० टन बाटल्या आल्या. माती, ओलावा, लेबले, टोपणे, निवडून काढलेला कचरा मिळून २४ टन गेले. राहिला ७६ टन दाणा. वहीत ९५ टन विकल्याचे असेल, तर तपासनीस विचारतो, वरचे १९ टन आले कुठून? एकतर कोरा दाणा मिसळला, नाहीतर नुसताच कागद विकला.

वही खोटी लिहिता येते, हे तपासनिसालाही ठाऊक असते. म्हणून तो दुसरे साक्षीदार शोधतो. विजेचे बिल हा मोठा साक्षीदार. यंत्र चालले नाही तर बिल येत नाही. यंत्राची ताकद हा दुसरा. यंत्र तासाला २०० किलो दाणा काढते, रोज २० तास चालते, महिन्यात २५ दिवस चालते, तर महिन्याला १ लाख किलो, म्हणजे १०० टन झाले. तिथे ४०० टनांचा दावा कसा टिकेल? मग काट्याच्या पावत्या, ट्रकचे नंबर, गोदामातले शिल्लक गठ्ठे. घटीचा कचरा कुठे गेला तेही तो विचारतो. त्याचीही पावती हवी.

कापडाच्या धंद्यात ‘ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड’ नावाची एक कसोटी आहे. ती २००८ साली निघाली. २०११ पासून टेक्स्टाइल एक्स्चेंज ही संस्था ती सांभाळते. या कसोटीत मालात निदान २० टक्के पुनर्वापराचा माल असावा लागतो. गिऱ्हाइकाला दिसेल असा शिक्का लावायचा तर निदान ५० टक्के. प्रमाणपत्र एका वर्षापुरतेच. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी. शिवाय विकलेल्या मालासाठी व्यवहाराचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. जुना माल देणाऱ्याकडूनही, माल खरोखर टाकाऊ आहे, अशी लेखी हमी घेतात.

ही तपासणी वजनावर थांबत नाही, हे आम्हांला फार आवडले. धुलाईचे घाण पाणी शुद्ध करून सोडता की तसेच नाल्यात? मजुरांना हातमोजे आहेत का? मजुरी वेळेवर मिळते का? लहान मुले कामाला नाहीत ना? मजुरांशी बोलताना मालकाला बाहेर थांबवतात. ते बरोबरच आहे. मालकासमोर कोण तोंड उघडणार?

पण तपासणारा कोण, यावर सारे अवलंबून आहे. विकणाऱ्याने स्वतःच तपासून चालणार नाही. घेणाऱ्यानेही नाही, कारण त्याला कागद हवाच असतो. तपासणारा तिऱ्हाईत हवा. वाटणीच्या भांडणात दोन्ही घरांशी सोयरीक नसलेला माणूस पंच म्हणून बोलावतात, तसा.

यातही एक गोम आहे. तपासणीची फी बहुधा मालकच देतो. ज्याचे मीठ खावे त्याला खोटे कसे म्हणावे? यावर काही उपाय केलेले आहेत. जी संस्था तपासते, तिने त्याच कारखान्याला सल्ला देण्याचा धंदा करावयाचा नाही. त्या संस्थेच्या कामावरही दुसऱ्याची देखरेख असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम काढले. कोणता तपासनीस कोणत्या कारखान्याला जाईल हे मालकाने न ठरवता सोडतीसारखे ठरवावे, अशी त्यांत तरतूद आहे. आमच्या मते हा कलम सर्वांत मोलाचा. एक शंका मात्र उरते. तारीख कळवून आलेल्या तपासनिसासमोर सगळेच हातमोजे घालतात. म्हणून न कळवता येणेही हवे.

आपल्या गावात याचा संबंध कुठे येतो? २०२० साली स्वच्छ भारत मिशनचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात तालुक्याला एक प्लॅस्टिक केंद्र उभारण्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद केली गेली. तुमचा बचत गट अशा केंद्राला किंवा भंगारवाल्याला माल देत असेल, तर काटा डोळ्यांनी पहा आणि पावती मागा. पावतीवर तारीख, प्लॅस्टिकची जात, वजन, दर आणि सही असावी. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि बाटल्या एका पोत्यात देऊ नका. जात निवडलेल्या मालाला दर अधिक मिळतो. पावतीची एक प्रत गटाच्या फायलीत लावा. कारखान्यात जो तपासनीस येतो, त्याच्या हिशेबाचे पहिले पान म्हणजे हीच पावती.

अभ्यास

१. घरातील पाच प्लॅस्टिकच्या वस्तूंवरील आकडे शोधा आणि वहीत वस्तूच्या नावापुढे लिहा.

२. एका कारखान्यात महिन्याच्या सुरुवातीला १२ टन जुन्या बाटल्या शिल्लक होत्या. महिन्यात ८० टन नव्याने आल्या. महिनाअखेर ७ टन शिल्लक राहिल्या. घट १७ टन झाली. तयार दाणा आधीचा काही नव्हता. मालकाने ७५ टन दाणा विकल्याचे लिहिले आहे. तुम्ही तपासनीस असाल तर किती टनांचा खुलासा मागाल?