कल्याणचे शिल्पकार

मुंबईस गेटवे ऑफ इंडियासमोर छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. २६ जानेवारी १९६१ रोजी त्याचे अनावरण झाले. प्रवासी तेथे हौसेने छायाचित्रे काढून घेतात. परंतु पुतळा घडविला कोणी, हे क्वचितच कोणी विचारतो. कल्याणचे सदाशिव ऊर्फ भाऊ साठे हे त्याचे शिल्पकार.

छायाचित्रात एकच बाजू दिसते; मूर्ती मात्र चोहोबाजूंनी खरी उतरावी लागते. दिल्लीतील गांधीजींचा पुतळाही साठे यांनीच घडविला. गांधीजींची छायाचित्रे विपुल होती. महाराजांचे मात्र एकही असणे शक्य नव्हते, कारण ती कलाच एकोणिसाव्या शतकातली!

२०२१ साली साठे निवर्तले. डोंबिवलीच्या शिल्पालयात त्यांची शिल्पे आहेत. तेथे प्रत्येक मूर्तीला प्रदक्षिणा घालूनच ती पाहावी.