सायकलस्वाराची करंगळी बधिर का होते?

छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. रायपूरच्या जुन्या वस्तीतील ब्राह्मणपारा हा त्यांपैकीच एक. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसांचा या शहराशी संबंध आहे. येथील अरुंद गल्ल्यांतून वाट काढण्यास सायकलीसारखे सोयीचे वाहन नाही. पहाटे बूढा तालाबाला फेरी मारावी, सुटीच्या दिवशी नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर लांबची रपेट करावी, असा व्यायाम या परिसरातील माणसाला सहज साधतो. हृदय, गुडघे आणि रक्तातील साखर या तिन्हींच्या दृष्टीने तो हितकारकच आहे. मात्र तासाभराच्या रपेटीनंतर करंगळी व अनामिका यांना मुंग्या येऊ लागल्या, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

बधिरतेचे मूळ

हाताला संवेदना पुरविणाऱ्या नसांपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत. अल्नर नस करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते. मीडियन नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग सांभाळते. कोणती बोटे बधिर होतात हे पाहिले, की कोणती नस दबली आहे याचा अंदाज येतो.

मनगटाजवळ करंगळीच्या बाजूस वाटाण्याएवढे एक हाड बोटाला लागते. ते आणि आकड्यासारखे वळलेले दुसरे हाड यांच्यामधील चिंचोळ्या मार्गातून अल्नर नस तळहातात शिरते. फ्रेंच शल्यचिकित्सक गुयाँ यांनी १८६१ साली या मार्गाचे वर्णन केले. म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. सायकलस्वार पुढे झुकतो तेव्हा अंगाचा भार नेमका या जागी येतो. त्यात मनगट मागे मुडपलेले असले आणि खडबडीत रस्त्याचे हादरे सतत बसत राहिले, तर नस चेपली जाते.

ही तक्रार विरळा नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात चार दिवसांत ६०० कि.मी. सायकल चालविणाऱ्या २५ जणांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २३ जणांच्या हातांत बधिरता वा अशक्तपणा, किंवा दोन्ही, आढळले.

उपाय कोणते?

१. सीटचे टोक खाली झुकलेले असेल तर शरीर पुढे घसरते आणि भार हातांवर येतो. सीट जमिनीशी समांतर ठेवावी.

२. हँडल फार खाली वा फार दूर नसावे. कोपरे किंचित वाकलेली व मनगटे सरळ राहतील अशी त्याची उंची दुकानदाराकडून जुळवून घ्यावी.

३. दर पाच-दहा मिनिटांनी हातांची जागा बदलावी. रहदारी नसेल तेथे एकेक हात सोडून बोटे मोकळी करावीत.

४. मूठ सैल धरावी. घट्ट पकडीने हादरे अधिक जाणवतात.

५. चाकांत गरजेपेक्षा जास्त हवा भरू नये. जाड मुठी व गादीचे हातमोजे उपयोगी पडतात. परंतु सायकलची मापे चुकलेली असतील, तर केवळ हातमोज्यांनी काम भागत नाही.

६. पोट व पाठीचे स्नायू बळकट असतील, तर धड स्वतःच सावरले जाते आणि हातांना टेकू द्यावा लागत नाही.

धोक्याची खूण

अल्नर नसेची खोल शाखा केवळ स्नायूंना जाते, त्वचेला नाही. त्यामुळे काहींच्या बाबतीत बधिरता नसतानाही पकड ढिली होत जाते. आणि दुखत नसल्यामुळे ती लक्षात येत नाही. याची एक साधी परीक्षा आहे. बँकेतील पैसे भरण्याची कोरी चिठ्ठी अंगठा व तर्जनीच्या कडेत दोन्ही हातांनी धरावी आणि दुसऱ्याने ती ओढावी. चिठ्ठी धरून ठेवण्यासाठी एखाद्या हाताच्या अंगठ्याचे टोक वाकवावे लागले, तर स्नायू दुबळे झाल्याची शंका घ्यावी. अशा हाताने ऐन वेळी ब्रेक दाबला जात नाही. कुलपात किल्ली फिरविणे, सदऱ्याची बटणे लावणे आणि धनादेशावर नेहमीसारखी सही करणे ही कामेही अवघड होऊ लागतात.

विश्रांतीनंतरही बधिरता दोन-चार दिवस टिकली किंवा पकड कमी झाली, तर सायकल थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. बहुतेकांना काही दिवसांत वा आठवड्यांत आराम पडतो. परंतु नसेचे तंतू तुटले तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर एवढ्याच वेगाने वाढतात. मग भरपाईला महिने लागतात.

सगळा दोष सायकलीच्या माथी मारणेही योग्य नव्हे. रात्री झोपेत हात बधिर होत असेल, पायांनाही मुंग्या येत असतील किंवा मानेतून कळ येत असेल, तर मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड व मानेचे मणके यांची तपासणी करून घ्यावी. एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

काउंटरवर दिवसभर संगणकाचा कळफलक वापरणाऱ्या कर्मचारी बंधू-भगिनींनाही मनगट सरळ ठेवण्याचा हा नियम तितकाच लागू आहे. थकलेला हप्ता वेळीच भरला की व्याज चढत नाही. करंगळीच्या मुंग्या ही शरीराने धाडलेली पहिली स्मरणसूचना आहे. तिची दखल त्याच आठवड्यात घ्यावी आणि सायकल निर्धास्तपणे चालू ठेवावी.