काळे पतंग, पांढरे पतंग

दिव्यावर झडप घालणारा पतंग तुम्ही पुष्कळदा पाहिला असेल. इंग्लंडात पतंगाची एक जात आहे. तिचे पंख पांढरे असून त्यांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके असतात. हा पतंग दिवसा झाडावर स्वस्थ बसतो. सालीवर फिकट दगडफूल वाढलेले असले, म्हणजे पाखरांना तो सहसा दिसत नाही.

१८४८ साली मँचेस्टर शहरी या जातीचा एक काळाकुट्ट पतंग सापडला. तेव्हा तो दुर्मीळ होता. पुढे गिरण्यांच्या धुराने दगडफूल मेले, झाडे काळवंडली. १८९५ च्या सुमारास तेथील शंभरांतील ९८ पतंग काळे होते!

“म्हणजे पतंगांनी आपला रंग बदलला!” असे पुष्कळ विद्यार्थी म्हणतात. हा समज नुसत्या सांगण्याने जात नाही. त्यासाठी एक खेळ खेळून पाहावा.

टेबलावर काळे कापड अंथरा. त्यावर नखाएवढे १८ पांढरे आणि २ काळे कागदाचे तुकडे विखुरा. हे आपले पतंग. एका मुलाने पाखरू व्हावे आणि दिसतील तसे १० तुकडे झटपट टिपावेत. उरलेल्या प्रत्येक तुकड्याशेजारी त्याच रंगाचा नवा तुकडा ठेवावा. ही त्याची संतती. कारण रंग आईबापांकडून येतो. पुन्हा २० पतंग झाले. ही एक पिढी.

पाखराने दर वेळी पांढरेच टिपले, तर पहिल्या पिढीअखेर काळे ४ होतील, दुसरीअखेर ८ आणि तिसरीअखेर १६! एकाही तुकड्याने रंग बदलला काय? मुळीच नाही. बदलले ते समुदायातील प्रमाण. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. खऱ्या रानात ही निवड इतकी कडक नसते आणि या पतंगाची वर्षाला एकच पिढी होते; म्हणून तेथे पन्नासएक वर्षे लागली. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२४ साली याचे गणित मांडले. काळ्यांची संतती पांढऱ्यांच्या सुमारे दीडपट टिकत असली पाहिजे, असे त्यांनी दाखविले. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले व पुढे येथलेच नागरिक झाले.

आता तोच खेळ डोळे मिटून खेळा. निवड थांबली, तरी प्रमाण स्थिर राहत नाही. कधी काळे वाढतात. कधी दोन्ही काळे पहिल्याच फेरीत टिपले जाऊन त्यांचा वंश खुंटतो. ही केवळ यदृच्छा होय. समुदाय जितका लहान, तितका तिचा प्रभाव मोठा. म्हणून एकदाच खेळून निष्कर्ष काढू नये. १० वेळा खेळावे व आकडे वहीत मांडावेत.

१९५६ साली इंग्लंडात धुरास आळा घालणारा कायदा झाला. हळूहळू हवा निवळली, झाडे फिकट झाली आणि काळे पतंग पुन्हा दुर्मीळ झाले. पतंगाचा रंग पतंगाच्या हाती नव्हता. धूर मात्र माणसाच्या हाती होता.

स्वाध्याय
१. “पतंगांनी रंग बदलला” हे विधान चूक का?
२. काळ्या कापडाऐवजी पांढरे अंथरून खेळा व प्रत्येक पिढीचे आकडे लिहा.
३. निवड आणि यदृच्छा यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.