उन्हाळ्याची सुटी व तिचा हिशेब

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मुले वर्गाबाहेर पडली, की त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "सुटीत तू कोठे जाणार?" हा प्रश्न आम्ही व्हरांड्यात उभे राहून आज कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. ज्याच्यापाशी उत्तरादाखल एखाद्या प्रसिद्ध गिरिस्थानाचे नाव असते त्याचा चेहरा फुललेला असतो. ज्यास "कोठेच नाही" असे म्हणावे लागते तो दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करीत खाली पाहतो. या दुसऱ्या मुलासाठी, आणि पहिल्याच्या वडिलांसाठीही, हे चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या मते प्रश्नच उलट्या बाजूने विचारला जातो. "कोठे" हे सर्वांच्या शेवटी ठरवावयाचे. प्रथम ठरवावयाचे ते हे, की घरात थकले आहे कोण, आणि कशाने. त्यानंतर पैसा, त्यानंतर दिवस, आणि मग ठिकाण. हा क्रम आम्हांस कोणत्याही ग्रंथाने शिकविला नाही. तो आम्ही एकदा उलटा धरला व त्याचे प्रायश्चित्त भोगले म्हणून कळला.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या मंडळींबरोबर आम्ही ऐन मे महिन्यात एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो. ठिकाण आधी ठरले. बाकी सारे तेथे गेल्यावर पाहू, असा एकंदर उत्साह होता. घाटात मोटारींची रांग, गावात खोल्यांची टंचाई. जी खोली मिळाली तिचे भाडे आम्ही मनाशी धरले होते त्याच्या दुप्पट. बाहेरचे जेवण परवडेना, म्हणून खोलीच्या मागे एक ओटा होता त्यावर मुलांच्या आईने व शेजारणीने मिळून नऊ माणसांचा स्वयंपाक चार दिवस केला. मुलांचा वेळ घोड्यावर बसण्यासाठी रांगेत उभे राहण्यात गेला. परत येताना आम्ही विचारले, "कसे वाटले?" त्यावर मुलांची आई एवढेच म्हणाली, "हवा चांगली होती. भांडी मात्र तिकडचीही मीच घासली." जूनमध्ये मुलीची पुस्तके घेण्यास एका सहशिक्षकाकडे हात पसरावा लागला, आणि धाकट्याचा रेनकोट लांबणीवर पडला. आषाढ अर्धा होईपर्यंत तो बहिणीच्या जुन्या छत्रीखाली, एक खांदा भिजवीत, शाळेत येत होता. वर्गात त्याच्या सदऱ्याकडे आमची दृष्टी गेली म्हणजे त्या चार दिवसांची थंड हवा आम्हांस आठवे.

तेव्हापासून आमच्या घरी एक वही आहे. ती फेब्रुवारीत उघडते. पहिल्या पानावर मथळा "कोण". तेथे प्रत्येकाने आपापल्या हाताने लिहावयाचे, की या वर्षी आपण कशाने थकलो. दहावीच्या मुलीने अभ्यासाने थकल्याचे लिहिले, तर तिला आणखी एखादे ज्ञानवर्धक संग्रहालय दाखविणे हा तिच्यावर जुलूम होय. तिला झाडाखाली निजू द्यावे. जी माता वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस स्वयंपाकघरात असते, तिला दुसऱ्या गावच्या स्वयंपाकघरात नेऊन बसविणे ही सुटीच नव्हे. आमच्या पाहण्यात अशा सुट्या फार आहेत आणि त्यांची छायाचित्रे फार सुंदर आलेली असतात.

दुसऱ्या पानाचा मथळा "जून". मे महिन्याच्या खर्चाचा विचार जूनपासून आरंभावा, हे वाचकांस विचित्र वाटेल. परंतु शिक्षकाच्या, कारकुनाच्या अथवा शेतकऱ्याच्या घरी वर्षाचा सर्वांत जड महिना तोच असतो. पुस्तके, गणवेश, फी, छत्र्या, शेतकऱ्याकडे बी-बियाणे. हा सर्व खर्च प्रथम मांडून ती रक्कम बाजूस काढावी. उरेल ती सुटीची. तिच्यातूनही दहावा भाग औषधपाणी, चुकलेली गाडी इत्यादी अकल्पित गोष्टींसाठी वेगळा ठेवावा. शिल्लक पाहून ज्यास हसू येईल त्याने निराश होऊ नये. त्याच्यासाठी पुढे लिहिले आहे.

आता प्रवासाचा खर्च. येथे आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. महाराष्ट्रात एस. टी.च्या गाड्यांत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या वृद्धांस ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांस अर्धे. समजा, एका कुटुंबात वडील, आई, चौदा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा व शहात्तर वर्षांची आजी आहे. वडिलांचे एक, आईचे अर्धे, मुलीचे अर्धे, मुलाचे अर्धे, आजीचे शून्य. पाच माणसे अडीच तिकिटांत जातात. तेव्हा भाड्याची मोटार ठरविण्यापूर्वी हे अडीच ध्यानात आणावे. वयाचा पुरावा मात्र प्रत्येकाच्या खिशात असावा. वाहकाशी हुज्जत घालून सहलीचा आरंभ करू नये. शिवाय चार किंवा सात दिवसांचा पास काढून एस. टी.ने हवे तेथे फिरता येते. "आवडेल तेथे प्रवास" असे या योजनेचे गोड नाव आहे. पण पासाचे पैसे वसूल करण्यासाठी रोज नव्या गावी धावणारी मंडळी आम्ही पाहिली आहेत. त्यांस गावे आठवत नाहीत, बसस्थानके आठवतात.

आगगाडीने जावयाचे असेल तर दिवस मोजण्यास चुकू नये. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण एकशेवीस दिवसांऐवजी साठ दिवस आधी खुले होते. अर्थात १० मे रोजी निघणाऱ्याने ११ मार्च हा दिवस भिंतीवरील दिनदर्शिकेवर आजच लाल करावा. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलास स्वतंत्र जागा हवी असल्यास २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. आईबापांच्या जागेत सामावणार असेल तर अर्धे.

ठिकाणाविषयी आम्ही एकच उदाहरण घेतो, कारण ते आमच्याच जिल्ह्यातील आहे व त्यास मुले सहसा मोजीत नाहीत. अहमदनगर शहरातून (२०२४ पासून अहिल्यानगर) संगमनेर, अकोले, राजूर असे करीत शेंडी या गावी उतरावे. हेच भंडारदरा. प्रवरा नदीवरील तेथील धरण १९२६ साली पुरे झाले. ते दगडी बांधकाम पाहून मुले काही वेळ गप्प बसतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. जवळच बारी गावावरून कळसूबाईची वाट चढते. हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. उन्हाळ्यात ते चढावयाचे तर पहाटे अंधारातच निघावे व ऊन चढण्यापूर्वी उतरावे. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. जलाशयाच्या दुसऱ्या टोकास रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. त्याच्या दगडी कोरीव कामापुढे चित्रकलेच्या विद्यार्थ्याने एक अख्खी सकाळ बसावे.

पण या प्रदेशाचे खरे वैभव मेअखेरीस व जूनच्या आरंभी, पाऊस पडण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत दिसते. रात्री झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. एक झाड उजळते, विझते, पुन्हा उजळते. या प्रकाशाच्या खुणेने काजव्यांचे नर व मादी परस्परांस ओळखतात. आपण टॉर्च पाडली अथवा मोटारीचे दिवे लावले, की ती खूण बुजते. शनिवार-रविवारी तेथे इतक्या मोटारी येतात, की काजव्यांपेक्षा मोटारींचे दिवेच अधिक होतात. शाळेस सुटी असता शनिवारच कशास हवा? मंगळवारी जावे. गर्दी कमी, आणि राहण्याच्या जागेविषयी घासाघीसही करता येते.

त्या बाजूस गावकरी आपल्या घरी जेवणाची व राहण्याची सोय करितात. भाकरी, पिठले, भात व करवंदे एवढ्यावर आमची मुले तृप्त झाली. येथे आमचा एक हट्ट आहे. पैसे अपुरे पडत असतील तर एक रात्र कमी करावी, परंतु सोबत स्टोव्ह व पिठाचा डबा नेऊ नये. दोनच रात्री राहा. पण त्या दोन दिवसांत घरच्या बाईस दुसऱ्याच्या हातचे गरम अन्न मिळू द्या.

आणि ज्यांची शिल्लक हसू आणण्यासारखी आहे, त्यांनी सुटी घरीच करावी. मात्र ती "करावी". ती आपोआप होत नसते. घरी राहिलेली सुटी बहुधा उशिरा उठणे, मोबाइल व भांडण यांतच संपते. आम्ही एका वर्षी आठ दिवस मोजून घेतले व घराबाहेर मुक्काम केल्याप्रमाणे ते वहीत मांडले. त्या आठ दिवसांत स्वयंपाक एक वेळच, तोही पाळीपाळीने. आमच्या पाळीचा भात कसा झाला हे येथे लिहीत नाही. मुलांच्या आईने त्या आठांपैकी चार दिवस ओट्याकडे पाहिलेदेखील नाही, आणि दुपारी ती खरोखर निजली.

सकाळी उन्हापूर्वी आम्ही आपले स्वतःचे शहर पाहिले. ज्यास सर्व चांदबिबीचा महाल म्हणतात ती डोंगरावरील तीन मजली अष्टकोनी वास्तू वस्तुतः निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. हे आमच्या वर्गातील किती मुलांस ठाऊक आहे? भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात राष्ट्रीय नेते बंदिवान होते, व पंडित नेहरूंनी "डिस्कव्हरी ऑफ इंडिया" हा ग्रंथ १९४४ साली तेथेच लिहिला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र न्यावे. दुपारी लक्ष्मीबाई टिळकांची "स्मृतिचित्रे" मोठ्याने वाचली. त्यातील बराच भाग याच शहरी घडला, त्यामुळे मुले मध्येच थांबवून "म्हणजे कोणत्या रस्त्याला?" असे विचारू लागली.

मेच्या मध्यास एके दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, अंगणात एक काठी ओळंब्याने सरळ उभी केली. सूर्य नेमका डोक्यावर येऊन तिची सावली पायाशी नाहीशी झाली. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील गावी असे वर्षातून दोनदा घडते. आपल्याकडे दुसरी खेप जुलैअखेरीस येते, परंतु ती ढगांत जाते. रात्री गच्चीवर अंथरुणे घातली. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे वाढविला, की नारिंगी स्वाती. तसाच आणखी पुढे नेला, की चित्रा. नऊ-साडेनऊस दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकू दिसला, तो प्रथम आजीने ओळखला. लहानपणी शेतावर निजताना वडिलांनी दाखविला होता, म्हणाली. ही गोष्ट तिने आम्हांस इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती.

त्या आठ दिवसांचा एकूण खर्च वहीत आहे : कलिंगडे, आइसफ्रूट, दोन वेळचे बाहेरचे जेवण व किल्ल्यापर्यंतची रिक्षा. जूनचे पान त्या वर्षी शाबूत राहिले.

यंदाची वही उघडली आहे. पहिल्या पानावर धाकट्याने आजीच्या सांगण्यावरून तिचे नाव लिहिले आहे. तिला समुद्र पाहावयाचा आहे. तिने तो अद्यापि पाहिलेला नाही. तिचे तिकीट शून्य. उरलेल्या अडीच तिकिटांची बेरीज चालू आहे.